हृदयाचा एम.आर.आय. : रुग्णाची पूर्वतयारी

(पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



परीक्षांच्या निकालांवर आपण नेहमीच बोलतो. आज एका निराळ्या प्रश्नपत्रिकेविषयी बोलण्याची परवानगी घेतो. हृदयाचा एम.आर.आय. करण्यापूर्वी रुग्णाकडून एक छापील फॉर्म भरून घेतात. अनेक ठिकाणी तो इंग्रजीत असतो. मग अब्बांची सही किंवा दादीचा अंगठा घाईने उमटतो आणि प्रश्न न वाचताच सगळीकडे ‘नाही’ अशी खूण होते. या तपासणीची खरी तयारी म्हणजे तो फॉर्म समजून घेऊन खरे उत्तर देणे, एवढेच माझे सांगणे आहे.

याचे कारण यंत्रातच आहे. त्यात क्ष-किरण नसतात. प्रचंड शक्तीचे चुंबक असते. १.५ टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट प्रबळ असते आणि तपासणी चालू नसतानाही त्याची ओढ कायम राहते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेल्या एका तरुण नातेवाइकाने ऑक्सिजनचा सिलिंडर त्या खोलीत नेला. चुंबकाने तो खेचून घेतला आणि त्या तरुणाचा प्राण गेला. म्हणून हे नियम रुग्णाइतकेच सोबत जाणाऱ्यालाही लागू आहेत.

फॉर्ममध्ये काय विचारतात? छातीत पेसमेकर आहे काय, मेंदूच्या रक्तवाहिनीवर क्लिप बसवली आहे काय, कानात यंत्र बसवले आहे काय. काही नवे पेसमेकर विशिष्ट अटींवर चालतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. त्यासाठी पेसमेकरचे कार्ड आणि स्टेंट घातला असल्यास त्याचे कागद बरोबर न्यावेत. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचे काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असल्यास तो जरूर सांगावा. तो कण हलला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. मूत्रपिंडाचा विकार, दमा, औषधांची अ‍ॅलर्जी आणि गर्भारपण यांपैकी काहीही लपवू नये. तपासणीत बहुधा गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून देतात आणि मूत्रपिंड फार दुबळे असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

अंगावरचे दागिने, घड्याळ, काढता येणारी कवळी, बुरख्याच्या व ओढणीच्या टाचण्या आणि धातूच्या डबीतला तावीज बाहेर नातेवाइकाकडे ठेवावा. यात श्रद्धेचा अवमान मुळीच नाही. सुरमा, काजळ धुऊन जावे. भगिनींना स्त्री कर्मचारी हवी असल्यास वेळ ठरवतानाच तसे सांगावे.

हृदयावर औषधाने ताण देऊन तपासणी करायची असेल, तर चहा, कॉफी, कोला व चॉकलेट साधारणतः १२ ते २४ तास बंद ठेवायला सांगतात. त्यांतील कॅफिनमुळे त्या औषधाचा परिणाम दबतो. रोजची औषधे मनाने बंद करू नयेत. रमजानात तारीख आली तर डॉक्टरांशी आधीच बोलावे. आजाऱ्याला आपल्या दीनने सवलत दिलेली आहे.

आता शेवटची तयारी, सरावाची. आत साधारण तासभर निश्चल पडून राहावे लागते. ठोक्यांसारखा मोठा आवाज होतो. त्यासाठी कानांना बोळे किंवा हेडफोन देतात. हृदय सतत हलत असते, म्हणून चित्र स्पष्ट यावे यासाठी दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायला पुन्हा पुन्हा सांगतात. बहुतेक वेळा श्वास सोडून मग रोखायचा असतो. चार दिवस आधी दादीला घरी पलंगावर आडवे करून, घड्याळ हातात घेऊन, हा सराव करून घ्यावा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तसे आधीच सांगावे. हातात एक रबरी फुगा देतात. तो दाबला की बाहेरच्यांना इशारा मिळतो. हे आधी माहीत असले की निम्मी धास्ती कमी होते.

विद्यार्थी मित्रहो, ज्या धर्मात पहिली आज्ञाच वाचनाची झाली, त्या धर्माच्या घरात वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी असताना वडीलधाऱ्यांनी न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवावा, हे आपल्या शिक्षणाला शोभत नाही. फॉर्म एक दिवस आधी मागून आणा, एकेक प्रश्न त्यांच्या बोलीत विचारा, उत्तर ऐका आणि मगच लिहा. शाळेने तुम्हाला दिलेल्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग कोणता?