पाहुण्यांची मुले आणि यजमानांचे घर



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून सहसा मोठे विषय मांडले जातात. आजचा विषय दिवाणखान्याएवढाच आहे. पाहुणे येतात, त्यांच्याबरोबर मुले येतात, गप्पा रंगतात आणि आतल्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज येतो. यजमानीण उठून आत जाते. मुलाची आई बसल्या जागेवरून विचारते, "काय रे फोडलंस?" आणि मग सर्वांकडे पाहून कौतुकाने म्हणते, "घरीसुद्धा असंच चालतं याचं!" सगळे हसतात. हातात तुकडे घेऊन बाहेर आलेली यजमानीणही हसते. त्या क्षणी हसण्यावाचून दुसरा मार्ग तिला कोणी ठेवलेलाच नसतो.

हा प्रसंग मराठी मनाला मुळीच नवा नाही. नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या परंपरेतल्या कितीतरी गवळणी म्हणजे शेजारणींनी एका खोडकर मुलाच्या आईकडे नेलेल्या तक्रारीच आहेत. त्यांचे मूळ भागवताच्या दशम स्कंधात आहे. तेथे आठव्या अध्यायात गोकुळातल्या स्त्रिया यशोदेकडे येतात आणि पाढा वाचतात: हा अवेळी वासरे सोडतो, दूधदही चोरतो, माकडांना वाटतो, मडकी फोडतो. यशोदा ऐकते आणि हसते. मुलाला रागे भरावे असे तिला वाटतच नाही. लगेच पुढच्या, नवव्या अध्यायात तोच मुलगा तिचे स्वतःचे दह्याचे भांडे फोडतो. तेव्हा मात्र यशोदा हातात काठी घेऊन त्याच्या मागे धावते.

भागवतकारांनी हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले आहेत. दुसऱ्याचे मडके फुटले तर ती बाललीला आणि आपले फुटले तर तो अपराध, हा आईच्या मनाचा हिशेब त्यांनी कोणालाही दोष न देता दाखवून दिला. "आमचा अगदी बाळकृष्ण आहे हो!" असे म्हणणारे पालक बहुधा आठव्या अध्यायापाशीच पोथी मिटतात. नवव्यात आणखी एक बारकावा आहे. मुलगा घाबरला आहे हे दिसताच यशोदा काठी टाकून देते. मात्र सोडून देत नाही. त्याला उखळाला बांधते. मार नाही, पण मोकळीकही नाही. मुलांच्या वागणुकीविषयी आज लिहिल्या जाणाऱ्या जाडजूड पुस्तकांतही याहून फार वेगळे काही सापडत नाही.

गवळणींची एक गोष्ट तर आज हरवलीच आहे. त्या तक्रार घेऊन थेट यशोदेकडे जात. आजची यजमानीण यशोदेला काहीच सांगत नाही. "असू द्या हो, लहान आहे," असे म्हणून ती पाहुण्यांना निरोप देते, दार लावते आणि मग त्या घरातल्या माणसांखेरीज साऱ्या जगाला सांगते. पुढच्या वेळी हळदीकुंकवाचे आमंत्रण त्या घरी जरा उशिरा जाते. त्याच्या पुढच्या वर्षी ते जातच नाही. मुलाच्या आईवडिलांना कारण कधी कळत नाही आणि मुलाला तर एक घर कमी झाले हेही कळत नाही.

पुण्यात किंवा नाशकात असे एक घर कमी झाले तर मुलाचे फारसे बिघडत नसेल. जबलपुरात बिघडते. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांताचे हे शहर १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. उच्च न्यायालय जबलपुरास आले, शहर वाढले. पण येथील मराठी कुटुंबांच्या भोवतालचा रस्ता, बाजार, कचेरी आणि मैदान हिंदीचे झाले, आणि ते स्वाभाविकच होते. अशा शहरात मुलाच्या कानावर मराठी पडते ती शाळेत, स्वतःच्या घरी आणि दुसऱ्यांच्या घरी. यांतली तिसरी जागा सर्वांत मोलाची आहे. आपली आई बोलते त्याहून निराळी मराठी तेथे ऐकू येते: कोणा आजींची वऱ्हाडी, कोणा काकांची सागरकडची, नव्याने बदली होऊन आलेल्या कुटुंबाची कोल्हापुरी. 'गल्ला' म्हणावे की 'गुल्लक' असा वादही अशाच घरांत ऐकायला मिळतो. (जबलपूरच्या मराठी मुलांनी तो वाद 'गुल्लक'च्या बाजूने केव्हाच निकालात काढला आहे.) ज्या मुलामुळे अशी चार घरे मुकाट्याने मिटतात, त्याच्या वाट्याची मराठीही तेवढी आखडते. आणि यात त्या मुलाचा अपराध सर्वांत कमी असतो.

वस्तूंचेही तसेच आहे. भेडाघाटची संगमरवरी मूर्ती फुटली तर भेडाघाट फार दूर नाही. दुसरी आणता येते. २२ मे १९९७ च्या भूकंपात मदनमहालच्या टेकडीवरची तोललेली शिळा जागची हलली नाही, याचा जबलपूरकरांना अभिमान आहे. पण भूकंपातून वाचलेली चिनी मातीची बरणी चार वर्षांच्या पाहुण्याच्या हातून वाचेलच असे नाही. बरणीचेही एक वेळ सोडून देऊ. परंतु महालक्ष्म्यांचा तीन पिढ्यांचा मुखवटा, पाणी सांडून शाई उखडलेला तबला, लाखेच्या जुन्या तबकड्या, नागपुराहून कोणीतरी ट्रंकेत घालून आणलेले आणि आता बाजारात न मिळणारे मराठी पुस्तक: यांची किंमत पावतीवर लिहिलेली नसते. "किती झाले सांगा, भरून देतो," असे मुलाचे वडील खिशात हात घालून म्हणतात, तेव्हा त्यांचा हेतू चांगलाच असतो. तरीही ते ऐकून यजमानाचे मन अधिकच दुखावते.

आता त्या आईवडिलांकडे वळायला हवे. ते सारे बेजबाबदार असतात असे मुळीच नाही. काही थकलेले असतात. आठवडाभर नोकरी आणि घर सांभाळून ते दोन तास मोकळेपणाने बोलायला आलेले असतात आणि तेवढा वेळ मुलाकडे दुसऱ्या कोणीतरी पाहावे अशी त्यांची न बोललेली अपेक्षा असते. काहींना चारचौघांत मुलाला बोलण्याचा संकोच वाटतो. काहींच्या बाजूला आजोबा बसलेले असतात आणि त्यांनी "लेकराला बोलू नका" असा हुकूम सोडलेला असतो. यांतल्या प्रत्येकाला समजून घेता येते.

समजून घेणे कठीण जाते ते एका विशिष्ट वाक्याच्या बाबतीत. मूल शोकेसचे दार ओढत असते आणि आई म्हणते, "अरे, काका रागावतील हं!" मराठीत परक्या काठीने साप मारण्याविषयी एक म्हण आहे. येथे तर ज्याच्या घरात साप सोडला त्याच्याच हातात काठी दिली जाते. काका रागावलेले नसतात. रागावण्याचा त्यांचा विचारही नसतो. परंतु त्या वाक्याने मुलाला दोन गोष्टी शिकवल्या: शोकेस ओढणे आईच्या मते चूक नाही, आणि काका हा रागावणारा प्राणी आहे. मूल काकांकडे पाहते, काका कसनुसे हसतात, आणि मूल पुन्हा दार ओढते. त्याच्या दृष्टीने त्याचे काय चुकले?

दुसरे एक वाक्य सुशिक्षित घरांत ऐकू येते: "आम्ही त्याला 'नाही' म्हणत नाही, त्याच्या स्वातंत्र्यावर बंधन नको." हे सांगताना बहुधा माँटेसोरीबाईंचे नाव घेतले जाते. नाव योग्य आहे, अर्थ मात्र नेमका उलटा लावलेला आहे. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह काढले, तेव्हा त्यांनी मुलांच्या हाती खऱ्या काचेची आणि चिनी मातीची भांडी दिली. फुटू नयेत अशी भांडी द्या, या सल्ल्याच्या त्या विरुद्ध होत्या. भांडे फुटते म्हणूनच मूल ते जपून धरायला शिकते; खुर्ची हलकी असते, धक्का लागताच पडते आणि आवाज करते, म्हणूनच मूल चालण्यावर ताबा मिळवते. चूक वस्तूनेच दाखवावी, हा त्यामागचा विचार. त्या पद्धतीत काम संपल्यावर वस्तू जागेवर ठेवणे हा कामाचाच भाग असतो, आणि दुसऱ्याला उपद्रव होईल तेथे मुलाचे स्वातंत्र्य थांबते, हे बाईंनी निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

१९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार आपल्या मातीत रुजवला. मुलाला मारू नका, भीती दाखवू नका, लालूच दाखवू नका, असे ते पालकांना आयुष्यभर सांगत राहिले. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम केले. तेथे साधने थोडी होती आणि आसपासच्या निसर्गातून व घरगुती वस्तूंतून ती घडवावी लागत. अशा बालवाडीत वस्तू जपणे हा शिस्तीचा बडगा नव्हता. उद्या तीच वस्तू दुसऱ्या मुलाला लागणार होती, एवढे साधे कारण त्यामागे होते. 'स्वातंत्र्य' या शब्दाआड खुर्चीत बसून राहणाऱ्या पालकाला या मंडळींच्या शिकवणीचा आधार मिळणार नाही. त्यांच्या पद्धतीत मोठ्यांना बसायला सवड अशी नव्हतीच.

कायद्याची भाषाही येथे ओझरती पाहण्यासारखी आहे. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात त्याची समज किती पिकली आहे हे पाहिले जाते. १८६० च्या दंड संहितेतली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. बरणी फोडल्याबद्दल कोणी न्यायालयात जात नाही, जाऊही नये. पण कायद्याने मुलाला मोकळे सोडले ते त्याला अजून कळत नाही म्हणून. ज्यांना कळते ते सोफ्यावर बसलेले असतात.

मग त्यांनी करावे काय? प्रथम उठावे. बसल्या जागेवरून दिलेली हाक मुलाच्या कानापर्यंत पोहोचते, हातापर्यंत नाही. त्याच्याजवळ जावे, खाली वाकावे, हात धरावा आणि हळू आवाजात एकच वाक्य सांगावे. परक्या घरी शिरण्यापूर्वी, जिन्यातच, या घरी कशाला हात लावायचा नाही आणि कंटाळा आला तर काय करायचे हे सांगितले तर निम्मे काम तेथेच होते. पिशवीत कागद, रंगकांड्या, एखादे आवडते खेळणे असावे. फोन हातात दिला की मूल शांत होते खरे. पण मग ते त्या घरी आले होते असे म्हणता येत नाही.

आणि वस्तू फुटलीच, तर मुलाच्या वतीने मोठ्यांनी माफी मागून प्रकरण मिटवू नये. काच मोठ्यांनी उचलावी. सुपली मुलाने धरावी. त्याने स्वतः काकूंपाशी जाऊन "माझ्या हातून फुटलं" असे म्हणावे. शब्द अडखळले तरी चालतील. दुसऱ्या दिवशी आईबरोबर जाऊन त्याने आपल्या गुल्लकमधले दहा रुपये दिले, तर यजमानांनी ते परत करू नयेत. येथे आपली मराठी घरे हमखास चुकतात. "अगं, वेडी का तू, लेकराचे पैसे घेणार का आम्ही?" म्हणून नोटेसह वर लाडू देऊन पाठवणी होते. नोट ठेवून घ्यावी. लाडू अवश्य द्यावा.

यजमानांचाही वाटा आहेच. पाहुण्यांची मुले येणार हे ठाऊक असताना तबला जमिनीवर ठेवणे आणि मग दैवाला बोल लावणे बरे नव्हे. प्राणाहून प्रिय वस्तू फडताळात जाव्यात आणि मुलांच्या उंचीवर मुलांसाठी काहीतरी असावे: कॅरम, जुने पत्ते, डब्यांची झाकणे, बटणांचा डबा. पूर्वी प्रत्येक आजीपाशी असा एक डबा असे आणि त्याच्या जोरावर ती चार मुले तासभर खेळवी. शिवाय आपल्या घराचा नियम यजमानांनी स्वतः, मुलालाच, पालकांच्या देखत आणि हसऱ्या चेहऱ्याने सांगावा: "बाळा, हे पुस्तक फाटलं तर पुन्हा मिळत नाही. आपण दोघं मिळून बघू या. पानं मी उलटतो." यात कोणाचा अपमान होत नाही. अपमान होतो तो मनात राग ठेवून ओठांवर "असू द्या" आणण्याने. पालकांनीही हे ऐकून चेहरा पाडू नये. दुसऱ्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी चार शब्द सांगितले, तर मुलाचे नुकसान झाल्याचे उदाहरण सापडणे अवघड आहे.

काही मुलांची घडण मात्र निराळी असते. आवाज, गर्दी, नवी जागा त्यांना सोसत नाही आणि त्यांचे हात सांगून थांबत नाहीत. त्यांच्या आईवडिलांना प्रत्येक भेटीत बोलणी बसतात आणि ते हळूहळू कोठे जाईनासे होतात. त्यांनी आधी फोन करून तसे सांगावे, भेट आखूड ठेवावी; आणि यजमानांनी एक खोली रिकामी करून ठेवावी, कारण न विचारता.

तुटलेल्या वस्तूचे काय करायचे, हा प्रश्न शेवटी उरतोच. जोडता येण्यासारखी असेल तर ती फेकू नये. डिंक लावून, दोरा गुंडाळून वाळत ठेवावी आणि आठवड्याने त्या मुलाच्या घरी निरोप धाडावा की सांधा धरला आहे, रविवारी येऊन बघून जा.