मॅग्नेशियमचे क्षरण आणि त्याला आळा
(शाळेच्या विज्ञान मेळाव्यात दिलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. माणूस, भाषा शिकवणारा. एका वर्षी शास्त्राच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली आणि आठवीचा तो तास माझ्याकडे आला. पहिल्याच प्रयोगात फजिती झाली. मॅग्नेशियमची फीत जाळून पांढरा प्रकाश दाखवायचा होता, फीत पेटेचना. बाटलीचे बूच मीच सैल ठेवले होते, पावसाळी हवेने फितीवर राखाडी थर चढला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, पॉलिश पेपर मारू का?" त्याचे अब्बा गॅरेजमध्ये काम करतात. पेपर मारला आणि फीत भडकली.

ॲल्युमिनियमवरही थर येतो, पण तो धातूला नीट झाकतो. मॅग्नेशियमच्या १०० घनफळापासून ऑक्साइड होतो सुमारे ८१. चादर तोकडी पडते! कोरड्या हवेत निभते, खाऱ्या पाण्यात नाही.

मग असा धातू वापरायचा कशाला? हलकेपणासाठी. एक घन सेंटिमीटर लोखंड ७.९ ग्रॅम, ॲल्युमिनियम २.७, मॅग्नेशियम अवघे १.७४. फोक्सवॅगन बीटल मोटारीच्या इंजिनाचे कवच याच्याच मिश्रधातूचे होते.

त्याला खरी खाते ती लोखंड, निकेल आणि तांब्याची भेसळ. खाऱ्या पाण्यात लोखंडाचा कण आणि मॅग्नेशियम यांची बॅटरी बनते, विरघळते मॅग्नेशियम. भेसळ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की क्षरण एकदम वाढते, हे अमेरिकेत डाऊ केमिकलच्या हॅनावॉल्ट व सहकाऱ्यांनी १९४२ साली दाखवले. म्हणून एझेड ९१ डी या मिश्रधातूच्या ओतीव भागांत १०० किलोमागे लोखंड ५ ग्रॅम आणि निकेल २ ग्रॅम यांहून जास्त चालत नाही. थोडे मँगेनीज घातले की उरलेल्या लोखंडाचा उपद्रवही कमी होतो.

बाहेरून तेच काम पोलादी बोल्ट करतो. मध्ये योग्य ॲल्युमिनियमचा रुंद वॉशर घालावा, फटीत सीलंट भरावे, पाणी साचू नये म्हणून भोक ठेवावे. रंग द्यायचा तर बोल्टलाही द्यावा. नुसत्या मॅग्नेशियमला दिला आणि तो एका जागी खरचटला, तर सगळा मारा त्या ओरखड्यावर होतो आणि तिथे खड्डा पडतो. पुष्कळ जण इथेच चुकतात.

रंगाखाली पूर्वी क्रोमेटचा थर देत. त्यातील सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक असल्याने युरोपीय संघात २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. आता विजेच्या साहाय्याने द्रावणात धातूवरच चिनीमातीसारखा कठीण थर वाढवतात. त्याची छिद्रे बुजवून वर रंग देतात.

हाच दुबळेपणा आपल्या घरी उपयोगी पडतो. पुष्कळ गिझरांच्या पोलादी टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. ती झिजते, टाकी वाचते. वेळेवर बदलली नाही, तर पुढची पाळी टाकीची.

तो मुलगा यंदा दहावीला आहे. त्याला डिप्लोमा करायचा आहे, अब्बांना तो गॅरेजमध्ये हवा आहे. आज दोघेही इथे बसले आहेत. त्या अब्बांना माझी विनंती आहे की निकालानंतर त्याला घेऊन एकदा माझ्याकडे यावे. फॉर्म भरायला मी बसेन.