हळद आधी, टिकल्या नंतर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या धंतोलीतल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावायची सोय नसते. खाली जुन्या चादरी अंथरलेल्या असतात आणि त्यांवर पंधरा-वीस लाकडी नंदी उभे असतात. शेजारी बेगड, टिकल्या, लोकरीचे गोंडे, फुटक्या बांगड्या आणि मैद्याची खळ. मुलं इतकी गुंग असतात की वरच्या मजल्यांवरून जेवायला हाका येतात त्या कुणाला ऐकू जात नाहीत.

नागपूरच्या बाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगायला हवं. श्रावण अमावास्येला शेतकऱ्यांचा पोळा असतो आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा, म्हणजे तान्हा पोळा. चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून मुलं दोरीनं ओढत आणतात. मग घरोघरी जातात आणि मोठी माणसं त्यांच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणायचं. ही प्रथा दुसऱ्या रघुजी राजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली असं सांगतात. त्याच दिवशी शहरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. म्हणजे सकाळी मारबत, संध्याकाळी नंदी. नागपूरच्या पोरांना त्या दिवशी दम खायला वेळ नसतो.

माझं लहानपण महालातल्या एका गल्लीत गेलं. अब्बा शिंपी होते. पोळा जवळ आला की गल्लीतली पोरं दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची, कतरणीसाठी. लग्नाच्या शेरवानीची जर, शालूच्या ब्लाउजची किनार, मखमलीचे तुकडे, सगळं अब्बा एका पिशवीत वर्षभर साठवून ठेवायचे. पण कुणालाही झूल शिवून द्यायचे नाहीत. आधी रद्दीचा कागद पुढे करायचे. तो नंदीच्या पाठीवर ठेवायचा, दोन्ही बाजूंना दुमडायचा, वशिंडाच्या जागी भोक पाडायचं आणि मग त्या मापानं कापड कापायचं. कापड वाया गेलं तर दुसरं मिळणार नाही, ही त्यांची अट. माप आधी कागदावर घ्यायचं, हे मी तिथं शिकलो. पुढे मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, तरी पहिला खर्डा रद्दी कागदाच्या पाठीवरच लिहायची सवय काही गेली नाही.

घुंगरं विकत घ्यायची ऐपत नव्हती. सोडावॉटरच्या बाटल्यांची झाकणं दगडानं ठोकून चपटी करायची, खिळ्यानं भोक पाडायचं आणि सुतळीत ओवायची. आवाज घुंगरांसारखा अजिबात यायचा नाही. पण चार गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

श्रोतेहो, हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी नात. तिच्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी तिला घेऊन गेलो होतो. तिथं मुलांना हस्तकला शिकवायला एक बाई बोलावल्या होत्या. प्रत्येक मुलापुढे एक पाकीट आलं. त्यात कापून ठेवलेले पंख, कापून ठेवलेलं अंग आणि मागे चिकटपट्टी. कागद सोलायचा आणि चिकटवायचं. दहा मिनिटांत वीस फुलपाखरं तयार झाली, सगळी एकसारखी. घरी जाताना माझ्या नातीला आपलं फुलपाखरू कोणतं ते ओळखता येईना. त्या बाईंचा दोष नाही. केक वेळेवर कापायचा होता. पण मला वाटलं, कापण्यात चुकायची संधी मुलांना मिळाली असती तर प्रत्येकाचं फुलपाखरू वेगळं झालं असतं आणि घरी जाताना ओळखू आलं असतं.

मग आमच्या इमारतीत मी हे काम अंगावर घेतलं. मुलं मला चाचा म्हणतात, त्यामुळे रागवायचा अधिकारही आपोआप मिळाला. वर्षभराचं एक वेळापत्रकच तयार झालं. संक्रांतीला रद्दी कागदाचे छोटे पतंग, उडोत न उडोत. मांजा मात्र साध्या सुती दोऱ्याचाच, काच न लावलेला. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली, पण तो अजून चोरून विकला जातो आणि माणसांचे गळे आणि पाखरांचे पंख कापतो, हे मुलांना दरवर्षी सांगावं लागतं. होळीला पळसाची फुलं रात्रभर पाण्यात भिजत घालून केशरी रंग. शेणाच्या चाकोल्या थापून त्यांची माळ करण्याचा बेत मात्र पालकांच्या नाकापुढे टिकला नाही. भादवी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीची भुलाबाई आणि तिच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. आणि ईदला जुन्या लग्नपत्रिकांची भेटकार्डं. पत्रिकेवरचं सोनेरी छापकाम कापून त्यात चंद्रकोर शोधायची. गंमत अशी की आमचं चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्याला अधिक महिन्याची जोड नाही. त्यामुळे ईद सगळ्या ऋतूंतून फिरत फिरत साधारण ३३ वर्षांनी परत जागेवर येते. पोळा मात्र पावसाळा सोडत नाही. हे एकदा मुलांना समजावून सांगताना एकानं विचारलं, "चाचा, मग ईद आणि तान्हा पोळा एका दिवशी कधी येणार?" मी म्हटलं, येणार नाही बाबा. ईद चंद्र दिसल्यावर होते आणि पोळा चंद्र नसताना. फार तर एक-दोन दिवसांचं अंतर राहील. त्याचं तेवढ्यावर समाधान झालं. म्हणाला, "म्हणजे बोजारा आणि ईदी एका आठवड्यात."

आता मूळ गोष्टीकडे येतो. काही वर्षांपूर्वी अशाच पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मुलं नंदी सजवत बसली होती. धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती. विदर्भातल्या गावागावांतून, मध्य प्रदेश-छत्तीसगडातून पेशंट इथं येतात आणि त्यांचे नातेवाईक आमच्या फाटकांसमोर, झाडांखाली, जिथं सावली मिळेल तिथं दिवस काढतात. आपण रोज त्यांच्या बाजूनं जातो, म्हणून ते दिसेनासे होतात. त्या दिवशी असाच एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा फाटकाशी उभा राहून बघत होता. यवतमाळ जिल्ह्यातला. वडिलांच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं आणि आई त्यांच्यापाशी होती. मी त्याला आत बोलावलं. तो आला, ओळीतल्या नंदींकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "काका, यायचे खांदे कोनी शेकले नाही?"

मला पटकन कळलं नाही. मग तो म्हणाला, "आज खांदशेकनी हाय ना. घरी आजा करन. पर त्याचे हात दुखतात." आणि जरा थांबून, "हळद हाय काय? अन् तूप?"

वर्षभर बैलाच्या खांद्यावर जू असतं. कातडी घट्टे पडून राठ होते, कधी सोलवटते. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद आणि तूप किंवा तेल लावून खांदे चोळतात, शेकतात. कुठं खांदेमळणी म्हणतात, कुठं खांदशेकणी. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. एका कवितेत वापरलंही होतं. पण इतक्या वर्षांत पार्किंगमधल्या नंदींच्या बाबतीत माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

माझी नात वाटीत हळद-तूप घेऊन आली. मुलगा तिच्या नंदीचा खांदा अंगठ्यानं चोळू लागला. ती म्हणाली, "पण हा तर लाकडाचा आहे!"

"तं काय झालं? तू वढत नाही काय याले?" तो म्हणाला.

एकेक करून सगळ्या मुलांनी आपापले नंदी त्याच्यापुढे सरकवले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी स्पर्धा होती आणि परीक्षक मी. नंदी ओळीनं लागले. शेवटी तो मुलगा आला. हातात एक मातीचा बैल. रस्त्याच्या कडेला खणलेल्या खड्ड्यातली काळी माती घेऊन त्यानं तो दवाखान्याच्या जिन्याखाली बसून केला होता. बैल बसलेला होता, मान जराशी वळलेली, पुढचा एक पाय पोटाखाली दुमडलेला. खांद्यावर हळद. दुसरं काही नाही.

मी विचारलं, "याला चाकं कुठं आहेत?"

"बैलाले चाकं नसतात, काका."

मुलं हसली. श्रोतेहो, मीही हसलो. आणि मग परीक्षकाच्या आवाजात म्हणालो, "तान्ह्या पोळ्यात नंदी ओढत न्यावा लागतो बेटा. शिवाय ही स्पर्धा इमारतीतल्या मुलांची आहे." त्यानं काही वाद घातला नाही. बैल उचलून बाजूला जाऊन उभा राहिला. मी पहिलं बक्षीस एका मोठ्या नंदीला दिलं. त्याच्या शिंगांवर बॅटरीवर लुकलुकणारे दिवे होते. तो नंदी सजवलेला तसाच बाजारातून आणला होता हे मला ठाऊक होतं. पण दिवे छान दिसत होते आणि टाळ्या आधीच पडल्या होत्या.

नंतर मी त्या मुलाला दहा रुपये बोजारा द्यायला गेलो. त्यानं हात पुढे केला नाही. म्हणाला, "बैल पोळ्यात उभा नाही रायला, तं बोजारा कायचा?"

माझ्या हातात ती नोट तशीच राहिली. नात माझ्याकडे बघत होती. रात्री जेवताना तिनं विचारलं, "नाना, तो आपल्या बिल्डिंगमधला असता तर?" मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो, तर बैल चौकीदाराच्या स्टुलावर ठेवलेला होता. वडिलांना सुट्टी मिळाली होती आणि पहाटेच्या एसटीनं ते लोक गेले होते. मुलगा चौकीदाराला सांगून गेला होता, "त्या पोरीले द्या." मला देण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

त्या वर्षापासून आमच्याकडे स्पर्धा होत नाही. सजावट होते, मिरवणूक होते, पण नंबर नाहीत. विकत आणलेली सजावट चालत नाही. नंदी कितीही जुना असो, आधी कागदावर माप, मग झूल. संध्याकाळी फाटक उघडं ठेवतो आणि बाहेर जी मुलं दिसतील त्यांना बोलावतो. कधी कुणी येतं, कधी लाजून येत नाही. आलेल्यांना विचारतो, तुमच्या गावी काय करतात? अशाच एका मुलीनं आम्हाला झेंडूच्या पाकळ्यांनी शिंगं रंगवायला शिकवलं.

तुमच्या घरी वाढदिवस असेल, पोळा असेल, ईद किंवा नाताळ असेल, तर मुलांसाठी तयार पाकीट जरूर आणा, वेळ नसतो हे मलाही समजतं. पण त्यातली निदान एक गोष्ट मुलांना स्वतः कापू द्या. बोथट कात्री द्या, रद्दीचा कागद द्या आणि वाकडं झालं तर हात लावू नका. आणि फाटकाशी एखादं मूल उभं असेल, तर त्याच्या वस्तूला चाकं आहेत की नाहीत हे विचारू नका.

तो मातीचा बैल आमच्या कपाटात आहे. न भाजलेली माती, दर उन्हाळ्यात एखादी चीर जाते. एक शिंग गळून पडलं होतं, ते नातीनं ओल्या मातीनं बसवलं, जरा तिरकं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती त्याला खाली घेऊन येते. खळीचं भांडं नंतर उघडतं. आधी सगळे नंदी त्या बैलाशेजारी लागतात आणि हळद-तुपाची वाटी फिरते.