इंजिन चालू होतं, दिवा विझला होता



कवी म्हणून मला इथं बोलावलं आहे, पण आज बोलणार आहे ते होडीच्या बॅटरीविषयी. हसू नका. गेल्या पावसाळ्यानंतर या बॅटरीनं मला जे शिकवलं, ते बी. ए. च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

आमचं घर दाभोळच्या खाडीकाठी. धाकट्या भावाची एक छोटी होडी आहे. तिच्या मागच्या फळीवर 40 अश्वशक्तीचं, दोन स्ट्रोकचं, जुनं आउटबोर्ड इंजिन अडकवलेलं असतं. होडी आता पुतण्या चालवतो. एका संध्याकाळी मगरिबची अजान झाल्यावर आम्ही दोघं जाळं उचलायला निघालो. परतताना अंधार पडला आणि होडीवरचे दिवे मिणमिणत मिणमिणत विझून गेले. डावीकडचा तांबडा, उजवीकडचा हिरवा, मधला पांढरा, सगळेच. इंजिन मात्र झकास चाललं होतं. तेवढ्यात समोरून एक मोठी लाँच आली. तिला आम्ही दिसतच नव्हतो. पुतण्यानं होडी वळवली, मी खिशातली विजेरी डोक्यावर धरून ओरडत राहिलो. लाँच हातभर अंतरावरून गेली म्हणा ना! तिच्या लाटेनं आम्ही नखशिखान्त भिजलो.

काठाला लागल्यावर पुतण्या म्हणाला, "चाचा, नवी बॅटरी आणू या." आणली. पंधरा दिवसांत तीही बसली. तेव्हा कुठं आम्ही गावातल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "इंजिन चालतं, मग बॅटरीवाचून तुमचं काय अडतं?" आम्ही गप्प. ते म्हणाले, "तिथंच घोळ आहे. या इंजिनाची ठिणगी बॅटरीवर नाही. तिची कॉइल वेगळी. म्हणून चार्जिंग मेलं तरी इंजिन बोलत नाही. दोरी ओढली की चालू! दिवे विझल्यावरच माणसाला कळतं."

मग त्यांनी सगळी व्यवस्था समजावली. इंजिनाच्या डोक्यावरच्या फ्लायव्हीलला आतून चुंबकं असतात. त्याखाली तांब्याच्या तारांची गुंडाळी बसवलेली असते, तिला स्टेटर म्हणतात. चाक फिरलं की गुंडाळीत वीज तयार होते. पण ती उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी. बॅटरीला हवी एका दिशेची. ते काम रेक्टिफायर करतो. वीज एकाच बाजूनं जाऊ देणारा हा द्वारपाल. काही इंजिनांत त्याच्या जोडीला रेग्युलेटर असतो, तो दाब हाताबाहेर जाऊ देत नाही.

"आता शोध बॅटरीपासून सुरू करायचा आणि चाकापर्यंत जायचं," मिस्त्री म्हणाले. "उलटं नाही. चाक काढायला ओढणी लागते, ताकद लागते. टर्मिनल घासायला पैसा लागत नाही."

बॅटरी आधी बाहेर पुरती चार्ज करून ठेवली होती. इंजिन बंद असताना मीटरनं 12.6 व्होल्ट दाखवले. ती ठणठणीत. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर होता, खाऱ्या हवेची करामत. इंजिन बंद ठेवून आधी ऋण टोक सोडवलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं थर धुतला, घासून घट्ट बसवलं, वर व्हॅसलीन लावलं. फ्यूजही पाहिला, शाबूत होता. मग होडी धक्क्याला पक्की बांधून, इंजिन पाण्यात ठेवूनच चालू केलं. कोरडं चालवलं तर आतला पाण्याचा पंप जळतो, हे मिस्त्रींनी दोनदा बजावलं. इंजिन मंद चालताना आकडा कमी दिसला तर घाबरू नये. वेग वाढवला की तो साधारण साडेतेरा ते साडेचौदापर्यंत चढला पाहिजे. आणि रेग्युलेटर असलेल्या इंजिनात तो पंधराच्या वर जात राहिला तर रेग्युलेटर गेला समजावं. बॅटरीतलं पाणी उकळून उडतं.

आमचा आकडा 12.5 वर ठाण मांडून बसला. चार्जिंग शून्य.

इंजिन बंद केलं. स्टेटरच्या दोन पिवळ्या तारा रेक्टिफायरपासून सोडवल्या. त्या दोघींमध्ये मीटरनं वाट मोकळी दाखवली. रोध किती असावा हे प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळं असतं, आमचा जुळला. तारांपासून इंजिनाच्या अंगाकडे मात्र वाट नव्हती, आणि नसायलाच हवी. म्हणजे गुंडाळी बरी दिसत होती. मग पाळी रेक्टिफायरची. डायोड तपासायच्या खुणेवर मीटर ठेवला. एका बाजूनं वीज जावी, उलट बाजूनं अडावी, अशी रीत. इथं दोन्ही बाजूंनी दार बंद! द्वारपालच मेला होता.

"हा आपोआप मरत नाही सहसा," मिस्त्री म्हणाले. "बॅटरीची टोकं उलटी जोडली होती का? की चालू इंजिनात टर्मिनल काढलं होतं?"

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. श्रोतेहो, ते मीच केलं होतं. तरुणपणी जीपच्या एका ड्रायव्हरकडून शिकलो होतो: इंजिन चालू ठेवून बॅटरी सोडवायची, इंजिन बंद पडलं नाही तर चार्जिंग ठीक. पावसाळ्यानंतर होडी पाण्यात घातली, त्या दिवशी मोठ्या ऐटीत पुतण्याला ही युक्ती करून दाखवली होती. बॅटरी सुटली की दाब एकदम उसळतो आणि रेक्टिफायर जळतो. शिवाय ती ठिणगी पेट्रोलच्या वाफेजवळ उडाली असती तर आज हे भाषण झालं नसतं.

नवा रेक्टिफायर बसवला. वेग वाढवताच आकडा 13.9 वर गेला. पुतण्या हसला, पण मला एक शब्द बोलला नाही. त्यानं बोलायला हवं होतं, असं अजून वाटतं. त्याच्या जिवाशी मी खेळलो होतो, आणि तो दोष दोन महिने बॅटरीच्या नावावर खपत होता.

म्हणून होडीवाल्यांना सांगणं एवढंच. इंजिन चालतंय म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. एक साधा मीटर होडीत ठेवा आणि संध्याकाळी निघण्यापूर्वी आकडा पाहा. एक विजेरी खिशात असू द्या. आणि वडीलधारी मंडळी जेव्हा "आमच्या वेळी असं करत" म्हणून हात पुढे करतील, तेव्हा त्यांना आधी विचारा, "चाचा, नक्की माहीत आहे ना?"

मला कुणी विचारलं नाही. आता पुतण्या विचारतो.