ट्रॉलीचा पत्रा टिकवू या

आमच्या बचत गटाकडे ट्रॅक्टरची ट्रॉली आहे. तिच्या भाड्यातूनच कर्जाचा हप्ता जातो. त्यामुळे पत्रा सडला की नुकसान गटाचंच.

लोखंडाला ओल आणि हवा मिळाली की गंज चढतो. खतातल्या क्षारांनी तो आणखी झपाट्यानं वाढतो. म्हणून खत वाहिलं की आम्ही त्याच दिवशी ट्रॉली धुतो. कोपऱ्यांत आणि फाळक्याच्या बिजागऱ्यांत माती अडकून ओल धरते. ती आधी काढतो. मग फाळका उघडा ठेवून ट्रॉली उन्हात वाळवतो. ओल्या ट्रॉलीवर ताडपत्री टाकत नाही.

रंग उडालेला दिसला की लगेच तोंडाला रुमाल बांधून तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं गंज खरवडतो. जागा पुसून रेड ऑक्साइड लावतो. ते वाळलं की ऑइल पेंटचे २ हात देतो. गंजावरच रंग मारला, तर त्याचे पोपडे निघतात. हे काम मे महिन्यातच उरकायचं, पावसाआधी.

आणि ट्रॉली भाड्यानं देताना आमची एक अट असते: धुऊनच परत आणायची. तुमच्याही गटात ही अट घालून बघा.