गुरांमागे गेलेली शाळा



‘पर्यायी शाळा’ म्हटले की शहरी मध्यमवर्गाच्या डोळ्यांसमोर मोजकी मुले, मोकळे वातावरण आणि भरभक्कम शुल्क असलेली प्रयोगशील शाळा उभी राहते. तिच्याविषयी आकस नाही. परंतु महाराष्ट्रात या कल्पनेची खरी कसोटी लागली ती डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, आणि तेथे प्रश्न होता भाकरीचा.

भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडीपर्यंत मुले येत नाहीत, हे ध्यानात येताच बालवाडीच वस्तीतील अंगणात भरू लागली. १९७५ पासून देशभर रुजलेल्या ‘अंगणवाडी’ या नावाचे मूळ तेथे आहे.

पुढे हे काम कोसबाडला गेले. तेथील वारली पाड्यांवर सात-आठ वर्षांचा मुलगा गुरे राखी आणि त्याची बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरे. मायबाप मजुरीला गेलेले. अशा पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असा शेरा मारून मोकळे होणे फार सोपे असते. या दोघींनी तो शेरा मारला नाही. जेथे गुरे चरत तेथेच ‘कुरणशाळा’ भरवली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून ‘विकासवाडी’ उभी केली. तान्हे मूल पाळणाघरात ठेवले की ताई वर्गात बसायला मोकळी! माँटेसरीबाईंची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, पाने, खडे, शिंपले आले. मजुरी की मुलांची शाळा, या पेचातून कुटुंब सुटले, हा लाभ परीक्षेच्या गुणांत मोजता येणारा नव्हे.

हा पेच इतिहासजमा झालेला नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या मराठवाड्यातून कारखान्यांकडे निघतात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण नाव गावच्या हजेरीपटावर आणि मूल फडावर, अशी स्थिती होते. यावर साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे हे दोन उपाय झाले. वसतिगृहाने वर्ष वाचते, परंतु लेकरू आईपासून दुरावते. साखरशाळेत ते आईजवळ राहते. मात्र तेथे शिकलेले गावच्या गुरुजींपर्यंत पोहोचले नाही, तर परतल्यावर पाटी पुन्हा कोरी.

वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्याने प्रथम घरोघर जाऊन एवढेच विचारावे, की या घरातील मूल कोणत्या वेळी मोकळे असते आणि त्याच्या कडेवर कोण असते. अभ्यासिकेची वेळ त्यानंतर ठरवावी. ती पहाटेची निघाली, तर पहाटेची.