आकाशाचे अंदाजपत्रक



दिवसभराचा उकाडा सोसून आपण या संध्याकाळी तारे पाहण्यास नव्हे, तर ताऱ्यांचा जमाखर्च ऐकण्यास जमला आहात, याबद्दल प्रथम आपले आभार मानले पाहिजेत. विषय रुक्ष आहे. दुर्बिणीतून काय दिसले हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती दुर्बीण कोणाच्या पैशाने वर गेली, तो पैसा कोणी मंजूर केला आणि अंदाज चुकला तेव्हा काय झाले, हे सांगणारे थोडे. आम्ही आज त्या दुसऱ्या बाजूकडे वळणार आहोत, कारण तो पैसा शेवटी आपल्यासारख्या करदात्यांचाच असतो.

प्रथम एवढेच पाहू, की दुर्बीण पृथ्वीबाहेर नेण्याचा खटाटोप हवाच कशाला? आपल्या डोक्यावरील हवा आपणांस जगविते, परंतु ज्योतिर्विदाच्या वाटेत ती पडद्यासारखी उभी असते. ताऱ्यांचे लुकलुकणे कवीला गोड वाटते. वेधशाळेत तेच लुकलुकणे चित्र पुसट करते. शिवाय क्ष-किरण आणि अतिनील किरणांचा मोठा भाग हवा वरच्या वर अडविते. म्हणून लायमन स्पिट्झर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४६ साली, म्हणजे पहिला उपग्रह उडण्याच्या अकरा वर्षे आधी, अंतराळातील दुर्बिणीचे लाभ एका टिपणात मांडून ठेवले होते.

कल्पना सुचण्यास पैसा लागत नाही. ती उभारण्यास लागतो. जमिनीवरील मोठ्या दुर्बिणी अमेरिकेत धनिकांच्या देणग्यांतून उभ्या राहिल्या. माउंट विल्सनवरील शंभर इंची आरशासाठी हूकर नावाच्या व्यापाऱ्याने पैसा दिला. पालोमार येथील दोनशे इंची दुर्बिणीसाठी रॉकफेलर यांच्या निधीतून १९२८ साली साठ लाख डॉलर मिळाले. परंतु अग्निबाण, उपग्रह आणि पृथ्वीवरील नियंत्रणकेंद्रे यांचा भार एकट्या शेटजीला पेलणारा नव्हता. तेथे सरकारच हवे. आणि सरकार आले की लोकप्रतिनिधी आले, समित्या आल्या, दरवर्षीचे अंदाजपत्रक आले.

या व्यवस्थेत एक मूळचीच विसंगती आहे. मोठ्या अंतराळ-दुर्बिणीस वीस-पंचवीस वर्षे लागतात. अमेरिकन काँग्रेस पैसा मंजूर करते तो एकेका वर्षाचा. म्हणजे शेतकऱ्याने आंब्याचे कलम लावावे आणि पाण्याची परवानगी दर उन्हाळ्यात नव्याने मागावी, तसे हे आहे. एका वर्षी पाणी तोडले तर पुढील वर्षी दुप्पट घालून झाड जगेलच असे नाही. काम थांबले तरी कुशल कारागिरांचा पगार थांबत नाही, आणि ते एकदा पांगले की पुन्हा गोळा होत नाहीत. म्हणून एका वर्षात वाचविलेला डॉलर पुढे अनेक डॉलर होऊन वसूल होतो.

आता हबल दुर्बिणीची कथा पाहा. नासाच्या पहिल्या ज्योतिषशास्त्रप्रमुख नॅन्सी रोमन यांनी या योजनेचा पाया घातला. १९७४ साली काँग्रेसच्या एका उपसमितीने तिचा पैसा अजिबात काढून टाकला. त्यांच्या हाती एक सोयीचा मुद्दा होता. ज्योतिर्विदांनी दर दहा वर्षांनी एकत्र बसून आपल्या गरजांचा क्रम लावण्याची प्रथा पाडली होती, आणि १९७२ च्या अहवालात या दुर्बिणीस अग्रक्रम दिलेला नव्हता. तुम्हांलाच ती पहिली नको, तर आम्ही पैसा का द्यावा? प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. तेव्हा स्पिट्झर आणि जॉन बाकॉल यांनी देशभरच्या शास्त्रज्ञांना जागे केले, त्याच समितीच्या सभासदांचा पाठिंबा मिळविला, पत्रे लिहविली, प्रतिनिधींच्या भेटी घेतल्या. तडजोड झाली. तीन मीटरचा आरसा २.४ मीटरचा झाला, युरोपीय अंतराळसंस्थेला भागीदार करून घेतले, आणि १९७७ साली मंजुरी मिळाली.

येथवरची गोष्ट लोकशाहीला भूषणावह आहे. पुढची मात्र बोधप्रद आहे. उड्डाण १९८३ साली व्हायचे ते लांबत गेले. १९८६ च्या चॅलेंजर यानाच्या अपघातानंतर आणखी लांबले. अखेर एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली. आणि काय दिसले? आरशाचा आकारच चुकला होता. कडेला केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतकी चूक! घासताना आकार तपासण्याचे उपकरणच चुकीचे बसविले गेले होते. दुसऱ्या एका साध्या तपासणीत दोष दिसला होता, पण ती कमी विश्वासाची म्हणून बाजूस सारली. आणि संपूर्ण दुर्बिणीची एकत्र परीक्षा घेण्याचा खर्च नको म्हणून ती घेतलीच नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली तेव्हा कोठे तिला खरी दृष्टी आली. परीक्षेत वाचविलेला पैसा हा वाचविलेला पैसा नव्हे, हा धडा तिने फार महाग शिकविला.

तो धडा पुरता गिरविला गेला काय? तिच्या पुढच्या पिढीची वेब दुर्बीण पाहा. २००१ च्या दशवार्षिक अहवालात तिला पहिले स्थान मिळाले, तेव्हा खर्चाचा आकडा होता सुमारे शंभर कोटी डॉलर. २०१० साली एका स्वतंत्र समितीने चौकशी केली. तिचा निष्कर्ष असा, की कारागिरीत खोट नाही, खोट हिशेबात आहे. आरंभीच्या वर्षांत अडीअडचणीसाठी पुरेशी शिल्लकच ठेवलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक अडचण पुढच्या वर्षावर ढकलली जाई आणि तेथे ती मोठी होऊन उभी राही. जुलै २०११ मध्ये काँग्रेसच्या उपसमितीने योजना रद्द करण्याचा प्रस्ताव केला. नोव्हेंबरात ती वाचली, परंतु बांधणीच्या खर्चाला आठशे कोटी डॉलरची मर्यादा घालून. २०१८ साली सैल झालेले स्क्रू आणि फाटलेली सूर्यढाल यांनी पुन्हा विलंब केला. २५ डिसेंबर २०२१ रोजी ती उडाली, तेव्हा एकंदर हिशेब हजार कोटी डॉलरांच्या घरात गेला होता.

आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावे बांधून. ज्याने घर बांधले आहे त्याला हा दहापट वाढलेला आकडा पाहून हसू येणार नाही. परंतु घरबांधणीतील चूक आपली आपणच सोसतो. येथे भार इतरांवर पडतो, आणि त्यांत दुसऱ्या लहान लहान योजनाही येतात. या लहान योजनांस कमी लेखू नका. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून ‘उहुरू’ नावाचा एक लहानसा उपग्रह उडाला. त्या दिवशी केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, आणि स्वाहिली भाषेत त्या शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य. त्या छोट्या उपग्रहाने क्ष-किरण फेकणाऱ्या ३३९ ठिकाणांची यादी दिली आणि एक नवे शास्त्रच पायावर उभे केले. एका हत्तीच्या चाऱ्यापायी गोठ्यातील सारी वासरे उपाशी राहू नयेत, हेही नियोजनच आहे.

मग प्रारंभीचे अंदाज एवढे कमी का येतात? आमच्या मते येथे दोन भित्री माणसे एकमेकांशी व्यवहार करीत असतात. मागणारा भितो, की खरा आकडा सांगितला तर योजना मरेल. देणारा भितो, की खरा आकडा मान्य केला तर मतदार विचारतील. दोघेही लहान आकड्यावर खूश होतात, आणि बिल येते तेव्हा दोघेही निवृत्त झालेले असतात. अमेरिकन ज्योतिर्विदांनी २०२१ च्या अहवालात यावर एक शहाणपणाचा उपाय सुचविला. पुढची सहा मीटरची दुर्बीण हवी हे त्यांनी सांगितले; सुमारे अकराशे कोटी डॉलर लागतील हेही लपविले नाही; पण आधी काही वर्षे तंत्र पिकवा, मग खर्च पुन्हा मोजा, आणि त्यानंतरच बांधणीला हात घाला, असा क्रम घालून दिला.

आता थोडे आपल्या घरचे. भारताच्या ‘अॅस्ट्रोसॅट’ या वेधशाळेस २००४ साली मंजुरी मिळाली आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी ती श्रीहरिकोट्याहून उडाली. तिच्यावरील क्ष-किरण उपकरणांच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता, आणि पुण्याची आयुकाही त्यात होती. खर्च सुमारे १७८ कोटी रुपये, म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येत दर माणशी दीड रुपयाहूनही कमी. हा आकडा ऐकून आपली छाती फुगते, ती फुगावीच. पण वेबशी तुलना करून बढाई मात्र मारू नये. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, आपल्या अतिनील दुर्बिणी सुमारे अडतीस सेंटिमीटरच्या. आपण आपल्या अंथरुणात मावेल असा प्रश्न निवडला, हे आपले खरे शहाणपण. एकाच वेळी अतिनील व क्ष-किरणांत एकच तारा न्याहाळणे, हा तो प्रश्न. २०२० साली आयुकातील संशोधकांनी याच वेधशाळेच्या साहाय्याने सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश पकडला.

आणि शेवटी तो प्रश्न, जो आपणांपैकी अनेकांच्या ओठांवर असेल. गावात दवाखाना नाही, आणि तारे कसले पाहता? या प्रश्नाला तुच्छ लेखणाऱ्यांपैकी आम्ही नाही. दुर्बिणीचा पैसा वाचला तर तो आपोआप दवाखान्यात जात नाही, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. दुर्बिणीतून घरगुती उपयोगाच्या वस्तू निघतात, हे उत्तर तर आम्हांस लाचार वाटते. सरळ उत्तर असे, की आपण कोठे आहोत हे जाणून घेणे हीही समाजाची एक गरज आहे. आणि तिच्यावर किती खर्चावे हे शास्त्रज्ञाने एकट्याने ठरवावयाचे नाही, आपण ठरवावयाचे आहे. ठरविण्याकरिता प्रश्न विचारले पाहिजेत. पुरा आकडा कोणता? अडचणीसाठी शिल्लक किती? परीक्षेचा खर्च कापला नाही ना? आणि या एका कामासाठी कोणती कामे मागे पडतील?

हे चार प्रश्न नगरपालिकेच्या नळयोजनेलाही लागू पडतात, असे कोणी म्हणेल. लागू पडतातच. आकाशाकडे पाहण्याचा खर्च आपण जमिनीवरच्या खर्चाइतक्याच कसोशीने तपासला, तर दोन्ही ठिकाणी आपली फसगत कमी होईल.